जनुकीय चाचणी सरकारी नोंदवहीत आहे, म्हणजे खात्रीची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार निघाला. हृदयरोगतज्ज्ञांनी जनुकीय चाचणी सुचवली. धाकट्या भावाने अमेरिकेची ‘जेनेटिक टेस्टिंग रजिस्ट्री’ उघडली, आजाराचं नाव टाकलं आणि समोर चाचण्यांची लांबलचक यादी आली. काहींत आठ-दहा जनुकं, काहींत शंभराच्या आसपास. त्यांनी विचारलंय: सरकारी नोंदवहीत आहेत म्हणजे या चाचण्या तपासून घेतलेल्याच असणार ना? मग सगळ्यात जास्त जनुकांची घेतलेली बरी नाही का? आणि मीही आत्ताच करून घेऊ का?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण प्रत्येक वेळी कारण वेगळं आहे. मी बरीच वर्षं जनुकीय समुपदेशनाचं काम करतो आणि ही रजिस्ट्री माझ्या रोजच्या वापरातली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मला अढी नाही. ती वाचायची कशी हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं, कारण पान बघून ते कळत नाही.

ही रजिस्ट्री, आम्ही तिला जीटीआर म्हणतो, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने, म्हणजे एनआयएचने, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी सुरू केली. ती चालवते एनसीबीआय ही त्यांचीच शाखा. पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची सूची चालवणारी मंडळी तीच. जगभरातल्या प्रयोगशाळा इथे आपापल्या चाचण्यांची माहिती स्वतःहून भरतात. कुठलं जनुक, कुठल्या आजारासाठी, कुठल्या पद्धतीने, कुठल्या नमुन्यावर, मागवायची कशी, मर्यादा काय, हे सगळं लिहिणारी खुद्द प्रयोगशाळाच. माहिती बरोबर आहे याची ग्वाहीही तीच देते. एनआयएच ती स्वतंत्रपणे पडताळून बघत नाही, कुठल्याही चाचणीची किंवा प्रयोगशाळेची शिफारस करत नाही, आणि हे संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं आहे. लोक ती ओळ वाचत नाहीत, कारण वर सरकारी नाव आणि चिन्ह दिसतं आणि तिथेच विश्वास बसून जातो. नोकरीसाठी आलेला बायोडेटा जसा वाचतो तशी ही नोंद वाचायची: लिहिलंय ते बहुधा खरं असतं, पण लिहिणाऱ्याने काय गाळलंय तेही बघायचं.

माहिती भरणं ऐच्छिक का ठेवलं, हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेच्या आरोग्य सचिवांना सल्ला देणाऱ्या समितीने २००८ मध्ये शिफारस केली होती की जनुकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही असावी आणि तिच्यात नोंद करणं सक्तीचं असावं. त्या काळात नव्या चाचण्या भराभर येत होत्या आणि कुठली चाचणी नेमकं काय मोजते हे डॉक्टरांनाही एका जागी सापडत नव्हतं. सिअ‍ॅटलमधून १९९० च्या दशकापासून ‘जीनटेस्ट्स’ नावाची एक निर्देशिका चालायची, तिच्यावर आमच्या क्षेत्राची मदार होती. पण तिचा भर मुख्यतः कुठली प्रयोगशाळा कुठली चाचणी करते यावर होता. एनआयएचने २०१० मध्ये जीटीआरची घोषणा केली, पण एनआयएच पडली संशोधन संस्था. प्रयोगशाळांवर सक्ती करण्याचे अधिकार तिच्याकडे नाहीत. म्हणून ऐच्छिक.

माझं मत विचाराल तर सक्ती असायला हवी होती. ऐच्छिकपणाचे परिणाम आजही सोसावे लागतात. एक तर एखादी उत्तम प्रयोगशाळा इथे अजिबात दिसत नाही, कारण तिथल्या लोकांना फॉर्म भरायला वेळ नसतो. आणि दुसरं, जिथे नोंद आहे तिथेही आवश्यक रकाने भरले की काम भागतं, बाकीचे प्रयोगशाळेच्या मर्जीवर. पण त्यातही एक शहाणपण त्यांनी ठेवलंय. चाचणीच्या पानावर बऱ्याच ठिकाणी ‘शिफारस केलेले पण न भरलेले रकाने’ अशी यादीच छापलेली असते. प्रयोगशाळेने काय सांगितलं नाही हेसुद्धा जगाला दिसतं. मी अनेकदा पान उघडल्यावर आधी तीच यादी वाचतो.

मग तपासतं कोण? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना १९८८ च्या क्लिआ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र प्रयोगशाळा काम नीट करते का ते बघतं: माणसं पात्र आहेत का, यंत्रं वेळेवर तपासली जातात का, आज आलेला निकाल उद्या तसाच येईल का. ज्या जनुकात बदल सापडला त्याचा त्या आजाराशी खरोखर संबंध आहे का, हा प्रश्न क्लिआ विचारतच नाही. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची मान्यता, म्हणजे कॅप, ही त्यावरची आणखी कडक पायरी, पण तिचा भरही प्रयोगशाळेच्या कामाच्या दर्जावरच. अमेरिकेबाहेरच्या प्रयोगशाळांकडे बहुधा आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता असते. न्यूयॉर्क राज्य मात्र आपल्या रहिवाशांच्या नमुन्यांवर होणाऱ्या चाचण्यांची वेगळी छाननी करतं आणि त्यात चाचणीचा वैद्यकीय अर्थही तपासतं; एखाद्या नोंदीत न्यूयॉर्कची परवानगी दिसली तर मी ती जमेच्या बाजूला धरतो.

आणि औषधं व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारं अमेरिकेचं सरकारी खातं, एफडीए? प्रयोगशाळेने स्वतः तयार केलेल्या आणि स्वतःच्याच छताखाली चालवलेल्या चाचण्यांकडे एफडीएने वर्षानुवर्षं काणाडोळा केला. मे २०२४ मध्ये त्यांनी अशा चाचण्या आपल्या देखरेखीखाली आणणारा नियम काढला. ३१ मार्च २०२५ रोजी टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एफडीएने अधिकृतपणे नियमातली जुनी भाषा परत आणली. म्हणजे तुम्हाला यादीत दिसलेली बहुतेक पॅनल्स (अनेक जनुकं एकत्र तपासणाऱ्या चाचण्या) कुठल्याही सरकारी खात्याने ‘या आजारासाठी उपयुक्त’ असं ठरवून बाजारात आणलेली नाहीत. हे काही भयंकर आहे असं मी म्हणत नाही, चांगल्या प्रयोगशाळा स्वतःच काटेकोर असतात. मात्र निवडीची जबाबदारी तुमच्या डॉक्टरांवर आणि काही प्रमाणात तुमच्यावर येते.

आता एक नोंद उघडून बघू. वर चाचणीचं नाव, शेजारी ती रुग्णांसाठीची आहे की संशोधनासाठीची हे लिहिलेलं. संशोधनासाठीची असेल तर तुमच्यासाठी तो विषय तिथेच संपला. खाली जीटीआर ही तीन अक्षरं, पुढे नऊ आकडे, मग टिंब आणि आणखी एक संख्या. टिंबानंतरची संख्या म्हणजे नोंदीची आवृत्ती; प्रयोगशाळेने माहिती बदलली की ती पुढे सरकते. डॉक्टरांशी बोलताना हा पूर्ण क्रमांक सांगा, नुसतं नाव नको, कारण एकाच प्रयोगशाळेची एकसारख्या नावाची चार पॅनल्स असतात. मग प्रयोगशाळेने माहितीची वार्षिक फेरतपासणी शेवटची कधी केली ती तारीख. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर बाकी काही वाचण्याआधी प्रयोगशाळेला विचारा की ही चाचणी अजून याच स्वरूपात चालू आहे का. जनुकांची यादी बदलते, पद्धत बदलते, कधी प्रयोगशाळाच दुसऱ्या कंपनीत विलीन होते, आणि नोंद मात्र तशीच पडून राहते.

त्यानंतर सात टॅब येतात. नवखा माणूस पहिला टॅब वाचून थांबतो. मी थेट पद्धतीच्या टॅबवर जातो, कारण खरी गोम तिथे असते.

पॅनलमध्ये जनुकाचं नाव आहे याचा अर्थ त्या जनुकातली प्रत्येक बिघाडाची तऱ्हा ही चाचणी पकडते असा होत नाही. फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक आजार घ्या. एफएमआर१ या जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती २०० वेळांहून जास्त आली की जनुक बंद पडतं आणि बौद्धिक अक्षमता येते. ५५ ते २०० ही मधली, वाहकाची पायरी. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये डीएनएचे छोटे तुकडे वाचून जोडले जातात. एवढी लांब, एकसारखी पुनरावृत्ती त्यात नीट मोजली जात नाही, तिच्यासाठी वेगळी चाचणी लागते. तरीही बौद्धिक अक्षमतेच्या मोठ्या पॅनलच्या यादीत एफएमआर१ हे नाव असू शकतं, कारण त्या जनुकातले इतर, अगदी विरळ बदल सिक्वेन्सिंग पकडतं. आईवडील ‘निगेटिव्ह’ अहवाल घेऊन येतात, यादीतल्या एफएमआर१ वर बोट ठेवतात आणि म्हणतात, फ्रॅजाइल एक्स नाही हे तर कळलंच. नाही कळलेलं. पद्धतीच्या टॅबमध्ये आणि मर्यादांच्या रकान्यात ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत हाच घोळ वेगळ्या रूपात दिसतो. हा स्नायू क्षीण होत जाण्याचा आनुवंशिक आजार. बहुतेक रुग्णांमध्ये एसएमएन१ जनुकाचा सातवा एक्झॉन, म्हणजे जनुकाचा एक सलग तुकडा, दोन्ही प्रतींमधून गायब असतो, आणि शेजारीच एसएमएन२ हे जवळजवळ हुबेहूब जुळं जनुक बसलेलं असतं. जे गायब आहे ते अक्षरं वाचून दिसत नाही. प्रती मोजाव्या लागतात. एमएलपीएसारखी पद्धत त्यासाठीच आहे. वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण मुलांकडे बिघाड पोचवू शकणारा माणूस, तपासताना आणखी एक पेच येतो: काहींच्या एकाच गुणसूत्रावर एसएमएन१ च्या दोन प्रती असतात आणि दुसऱ्यावर एकही नसते. मोजणीत दोन भरतात, माणूस वाहक नाही असं ठरतं, आणि तरी तो वाहक असतो. प्रामाणिक प्रयोगशाळा हे मर्यादांमध्ये लिहिते. म्हणूनच मर्यादांचा रकाना लांब दिसला की लोक बिचकतात आणि मला उलट धीर येतो.

कामगिरीच्या टॅबमध्ये ‘विश्लेषणात्मक वैधता’, म्हणजे असलेला बदल चाचणी किती अचूक पकडते, असा रकाना असतो. तिथे ‘संवेदनशीलता ९९ टक्क्यांहून जास्त’ असं काहीतरी वाचायला मिळेल. हा आकडा कशाचा ते विचारा. तो सहसा एका अक्षराच्या बदलांचा असतो. वीस-तीस अक्षरं गाळली गेली असतील, एखादा अख्खा एक्झॉन गेला असेल, किंवा पीएमएस२ सारखं जनुक असेल जिथे निकामी जुळी प्रत वाचनात मिसळते, तिथे तोच आकडा लागू पडेलच असं नाही. चांगली नोंद प्रकारानुसार आकडे वेगळे देते आणि ते किती नमुन्यांवरून काढले तेही सांगते. ‘९९.९ टक्के’ असा एकच झगझगीत आकडा आणि पुढे काही नाही, असं दिसलं की मी प्रयोगशाळेला ईमेल करतो. सगळं काम एकाच ठिकाणी होतं की काही भाग बाहेर पाठवला जातो, हेही नोंदीत असतं. नमुना एकीकडे, वाचन दुसरीकडे, अर्थ लावणारा तिसरीकडे असला तर काही बिघडत नाही, पण मान्यतापत्र नेमकं कुणाचं आहे ते बघायला हवं.

त्याच टॅबमध्ये ‘वैद्यकीय वैधता’ आणि ‘वैद्यकीय उपयुक्तता’ हे दोन रकाने असतात. वैधता म्हणजे हा बदल असला तर हा आजार असतो किंवा होतो, हे किती पक्कं आहे. उपयुक्तता म्हणजे निकाल कळल्याने पुढे काही वेगळं करता येतं का, आणि ते करून माणसाचं भलं होतं का. हेच रकाने वारंवार रिकामे दिसतात. त्याचा अर्थ पुरावा नाही असाच होतो असं नव्हे. कधी पुरावा इतका सर्वमान्य असतो की लिहायचा कंटाळा केलेला असतो. पण भरलेला उपयुक्ततेचा रकाना आणि त्याखाली दिलेले संशोधन-निबंधांचे दुवे हे कष्ट घेणाऱ्या प्रयोगशाळेचं लक्षण आहे.

विश्लेषणात्मक वैधता उत्तम आणि उपयुक्तता नगण्य असंही होतं, त्याचं नेहमीचं उदाहरण एमटीएचएफआर. या जनुकातले दोन बदल लोकसंख्येत इतके सर्रास आढळतात की ते सापडणं ही बातमीच नाही. चाचणी तांत्रिकदृष्ट्या सोपी आणि अचूक. पण रक्तात गुठळी होण्याच्या तपासणीत किंवा वारंवार गर्भपाताच्या तपासणीत ही चाचणी मागवू नका, असं अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जीनोमिक्सने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलं. नोंदवहीत अशा चाचणीला मज्जाव नाही. तिथे बसायला उपयोगी असण्याची अट नाही, आणि हे मला खटकत असलं तरी समजू शकतं. उपयुक्तता ठरवायला बसले असते तर नोंदवही कधी सुरूच झाली नसती.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: जास्त जनुकं म्हणजे चांगलं पॅनल का? तुमच्या भावाच्या आजाराबाबत याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर उपलब्ध आहे. क्लिनजेन या, जनुकं आणि आजार यांच्या संबंधाचा पुरावा तोलणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने या आजाराशी जोडली गेलेली ३३ जनुकं घेऊन प्रत्येकाचा पुरावा नव्याने तोलला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ८ जनुकांचा पुरावा निर्विवाद ठरला, त्यात एमवायबीपीसी३ आणि एमवायएच७ ही दोन मुख्य. आणखी ३ मध्यम. उरलेल्या २२ पैकी १६ चा पुरावा तोकडा आणि ६ चा शून्य. हीच जनुकं प्रयोगशाळांच्या पॅनल्समध्ये बसलेली होती आणि त्यांचे निकाल कुटुंबांच्या हातात जात होते.

तोकड्या पुराव्याचं जनुक पॅनलमध्ये घातलं की त्यातून निदान क्वचितच मिळतं, मिळतो तो गोंधळ. प्रत्येक माणसाच्या जनुकांत दुर्मीळ बदल असतातच. जितकी जनुकं वाचाल तितके असे बदल सापडणार, आणि ज्या जनुकाचा आजाराशी संबंधच ठरलेला नाही तिथला बदल जवळजवळ नेहमीच ‘अर्थ अनिश्चित’ या खान्यात जातो. आम्ही त्याला व्हीयूएस म्हणतो. असा बदल ना दोषी ठरवता येतो ना निर्दोष, आणि घरातल्या इतरांना धोका आहे की नाही हे ठरवायला त्याची चाचणी करू नये असा नियम आहे. पण अहवालात नाव छापलेलं असतं, लोकांना झोप लागत नाही, आणि कधी एखादा डॉक्टरच त्यावरून नातेवाइकांना ‘तुम्हालाही आहे’ असं सांगून मोकळा होतो.

तरीही आठच जनुकांचं पॅनल घ्या, असं मी सांगणार नाही. काही आजार बाहेरून हुबेहूब असेच दिसतात पण मुळात वेगळे असतात. फॅब्री आजार, ज्याचं जनुक जीएलए, हा त्यातला महत्त्वाचा, कारण त्यावर वेगळा, नेमका उपचार आहे. एलएएमपी२ आणि पीआरकेएजी२ हीसुद्धा त्याच पंक्तीतली. तेव्हा माझी पसंती अशी: पक्क्या पुराव्याची, मध्यम पुराव्याची, आणि नक्कल करणाऱ्या आजारांची जनुकं. यादीतलं प्रत्येक पॅनल या चाळणीतून बघा. पद्धतीच्या टॅबमध्ये जनुकांची संपूर्ण यादी असते, ती कार्डिओलॉजिस्टसमोर ठेवा. एमवायबीपीसी३ मध्ये तुकडेच्या तुकडे गळण्याचे प्रकार क्वचित होतात, म्हणून सिक्वेन्सिंगबरोबर डिलीशन-डुप्लिकेशनची, म्हणजे तुकडे गळाले किंवा दुप्पट झाले का याची, तपासणी आहे का तेही बघून घ्या.

अर्थ लावण्याच्या टॅबवर रुग्ण कधी जात नाहीत, पण तुमच्यासारख्या कुटुंबासाठी तो सोन्यासारखा आहे. प्रयोगशाळा व्हीयूएस कसं ठरवते, नवा, पूर्वी न पाहिलेला बदल सापडला तर अहवालात लिहिते का, उद्या त्या बदलाचा अर्थ बदलला तर डॉक्टरांना कळवते का, आणि व्हीयूएसचा उलगडा करायला घरातल्या इतरांची तपासणी विनामूल्य करते का, हे प्रश्न तिथे ठरलेल्या शब्दांत विचारलेले असतात. शेवटचे दोन मी कधीच सोडत नाही. बदलांचं वर्गीकरण २०१५ पासून सर्वत्र पाच पायऱ्यांत होतं, आजारकारक ते निरुपद्रवी, आणि नवा पुरावा आला की बदल या पायऱ्यांवर वर-खाली सरकतात. पाच वर्षांपूर्वीचं व्हीयूएस आज निरुपद्रवी ठरलेलं असणं ही रोजची गोष्ट आहे. पण ते कुणी कळवलं नाही तर तुमच्या फायलीत ते व्हीयूएसच राहतं.

इथे जीटीआरचं भावंड कामाला येतं, क्लिनव्हार. तेही एनसीबीआयचंच, २०१३ पासूनचं, आणि तिथेही माहिती प्रयोगशाळाच भरतात, पण चाचण्यांची नव्हे तर सापडलेल्या एकेका बदलाची: आम्हाला हा बदल दिसला, आम्ही त्याचा अर्थ असा लावला. एकाच बदलावर पाच प्रयोगशाळांची मतं शेजारीशेजारी दिसतात, कधी एकमेकांविरुद्धही. किती पुराव्याने आणि किती जणांनी तपासलंय यावर शून्य ते चार तारे असतात. मी प्रयोगशाळा निवडताना एक गोष्ट आवर्जून बघतो: ती आपले बदल क्लिनव्हारमध्ये भरते का. जी भरते ती आपलं वाचन उघड्यावर ठेवते आणि इतरांशी ताडून बघायला तयार असते. जी भरत नाही ती आपलं ज्ञान तिजोरीत ठेवते, आणि त्या तिजोरीतल्या चुका कुणालाच दिसत नाहीत. ही माझी वैयक्तिक कसोटी आहे, जीटीआरच्या कुठल्याही रकान्यात ती लिहिलेली नाही.

चाचणी कुठल्या लोकसंख्येसाठी तयार केली हा रकानाही वाचा, विशेषतः तुम्ही ठरावीक बदलच शोधणारी चाचणी बघत असाल तर. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं आणि पचनाच्या आनुवंशिक आजाराचं २३ बदलांचं जुनं वाहक-पॅनल अश्केनाझी ज्यू वंशाच्या लोकांमधले जवळपास ९४ टक्के वाहक पकडायचं, आणि आशियाई वंशाच्या अमेरिकनांमधले निम्म्याच्या आसपासच. पॅनल तेच, निगेटिव्ह निकाल तोच, पण मागे उरणारी शंका कितीतरी वेगळी. पूर्ण जनुक वाचणाऱ्या चाचणीत हा फरक कमी होतो, तरी संपत नाही, कारण सापडलेल्या बदलाचा अर्थ लावायला लागणारा संदर्भ अजूनही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या जनुकांवर उभा आहे. इतर वंशांच्या लोकांना व्हीयूएस जास्त मिळतात, त्याचं मुख्य कारण हेच.

तिसरा प्रश्न: तुम्हीही आत्ताच करून घ्यावी का? भावाआधी नको. आजार ज्याला आहे त्याची चाचणी आधी, कारण शोधायला ठोस काहीतरी तिथेच आहे. या आजारात कारण सापडण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतं. तुमची चाचणी आधी केली आणि काही सापडलं नाही, तर तुम्ही सुखरूप आहात म्हणून नाही सापडलं की तुमच्या घराचा बदल या चाचणीला दिसतच नाही म्हणून, हे कुणीही सांगू शकणार नाही. हा निकाल निगेटिव्ह म्हणून फाइलला लागतो आणि पुढे माणूस इकोकार्डिओग्राम टाळायला लागतो. धोका तिथे आहे.

भावाच्या चाचणीत पक्का आजारकारक बदल सापडला, तर तुमच्यासाठी शंभर जनुकं वाचायची गरजच उरत नाही. फक्त तो एक बदल आहे की नाही एवढंच बघायचं. जीटीआरमध्ये अनेक प्रयोगशाळांच्या सेवांमध्ये अशी ‘ठरावीक बदलाची चाचणी’ वेगळी दिसते. शक्यतो भावाची चाचणी जिथे झाली तिथेच करा. आजार सहसा ज्या पद्धतीने वारशात येतो त्यात भावंडाला तो बदल असण्याची शक्यता ५० टक्के. नसेल तर नियमित तपासण्यांची कटकट संपते, तुमची आणि तुमच्या मुलांचीही. असेल तर आजार आहेच असं नाही, पण लक्ष ठेवायचं. आणि भावाच्या चाचणीत काहीच सापडलं नाही किंवा फक्त व्हीयूएस आलं, तर तुमची जनुकीय चाचणी राहू द्या आणि ईसीजी व इको करत राहा. लक्षणं नसलेल्या प्रौढ नातेवाइकांसाठी साधारण दर ३ ते ५ वर्षांनी, डॉक्टर सांगतील तसं. खरं तर पहिला ईसीजी आणि इको करायला जनुकीय निकालाची वाट बघायचंही कारण नाही. तो या महिन्यातच उरकून टाका.

यादीतली दोन-तीन पॅनल्स पक्की झाली की प्रयोगशाळांना एकच ईमेल पाठवा, जीटीआरचा पूर्ण क्रमांक देऊन: जनुकांची आजची यादी हीच आहे का, कुठल्या जनुकांत काही भाग नीट वाचले जात नाहीत, एक्झॉन गळाल्याचं कळतं का, अर्थ बदलला तर कळवता का, बदल क्लिनव्हारला देता का, अहवाल किती दिवसांत, खर्च किती. नोंदीत काही लिहिलेलं असलं तरी विचारा. उत्तर कोण देतं त्यावरूनही अंदाज येतो. कुणी विक्री प्रतिनिधी माहितीपत्रक पाठवून देतो, कुठे प्रयोगशाळेतले तज्ज्ञ किंवा समुपदेशक स्वतः दोन परिच्छेद लिहितात. माझी पेशंट मंडळी मी बहुतेक अशा स्वतः लिहिणाऱ्यांकडे पाठवतो.

आणि भावाचा अहवाल आला की त्याची पूर्ण प्रत मागून घ्या. ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘एमवायबीपीसी३ मध्ये म्युटेशन’ एवढंच लिहिलेला सारांश चालणार नाही. बदलाचं पूर्ण नाव हवं, संदर्भ प्रतीच्या क्रमांकासकट, म्हणजे ‘एनएम_०००२५६.३, सी.१५०४सी>टी’ असं काहीतरी. तुमच्या चाचणीचा फॉर्म भरताना प्रयोगशाळा हीच ओळ मागेल, शक्य झाल्यास भावाचा थोडा नमुनाही मागेल, आणि ही ओळ चुकली तर ती दुसरीच जागा तपासून तुम्हाला ‘बदल नाही’ असं कळवू शकते.